मदत हवी आहे: अ‍ॅम्ब्युलन्सच्या गाडीत पेशंटचं असेसमेंट पूर्णच होत नाही

सुरंगी
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, तीन वर्षं वॉर्डात काढलीत. महिनाभर गाडीवर आहे. हॉस्पिटल येतं तेव्हा फॉर्म अर्धा कोरा. काल कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी सगळ्यांदेखत झापलं. परवा परत ड्युटी. लवकर सांगा कोणीतरी.

खाडीकाठ
गाडी कसली? १०८ असेल तर सोबत डॉक्टर असतो. आणि वाटेत दहा मिनिटं मिळतात की दीड तास?

सुरंगी
खाजगी. मी आणि ड्रायव्हरदादा. कणकवलीच्या आसपास.

जुना_ब्रदर
अगं, वॉर्डातला अ‍ॅडमिशनचा फॉर्म डोक्यातून काढ. रक्त धो धो वाहत असेल तर आधी ते दाब. मग श्वासमार्ग, श्वास, नाडी, शुद्ध आणि शेवटी कपडे सरकवून अंग बघायचं. जिथे गडबड दिसेल तिथेच थांब, ती निस्तर, मग पुढे. श्वास मोजताना मनगट धरून ठेव, पेशंटला वाटू दे नाडी बघतेय. मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. औषधं, अ‍ॅलर्जी, शेवटचं कधी खाल्लं हे नंतर, नातेवाइकांकडून.

राजापूरकर७
जीसीएस राहिला, म्हणजे डोळे-बोलणं-हालचालीचे मार्क मिळवून शुद्ध किती ते. मी आधी तोच काढतो, १५ पैकी किती.

जुना_ब्रदर
गाडीत बेरजा? पेशंट जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमट्याला हलतो, कशालाच नाही. चार खाने पुरे.

राजापूरकर७
आणि डॉक्टरने जीसीएस विचारला की चिमटा सांगायचा?

खाडीकाठ
दोन्ही लागतात हो. आधी चार खाने, वेळ मिळाला की जीसीएस. बेशुद्ध असेल तर रक्तातली साखर बघायला विसरू नका.

नारळीपोफळी
फुरसं चावलं तर वर दोरी बांधू नका! मण्यारीत तर दंशही दिसत नाही, पोट दुखतं, पापण्या जड होतात.

राजापूरकर७
सापाचं कोणी विचारलंय?

गॅजेटवाला
स्मार्ट घड्याळ घ्या ताई, ऑक्सिजन आपोआप दिसतो.

जुना_ब्रदर
लग्नसराईत गार पडलेली, मेंदी लावलेली बोटं बघितलीत का कधी? बोटाचं मशीनसुद्धा गंडतं. आधी माणूस बघा.

सुरंगी
हे सगळं येतं हो मला! बीपीच लागत नाही. हायवेला स्टेथोत नुसतं इंजिन. तीनतीनदा कफ फुगवते, त्यातच वेळ जातो.

खाडीकाठ
हे आधी सांगायचं ना! स्टेथो ठेवून द्या. मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून कफ फुगवा. नाडी गेली की आणखी ३० ने वर न्या, सावकाश सोडा. नाडी परत लागेल तो वरचा आकडा. खालचा मिळत नाही, फॉर्मवर तसं लिहा. पहिलं बीपी मात्र निघण्याआधी, इंजिन बंद ठेवून. पेशंट नाजूक असेल तर दर पाच मिनिटांनी परत बघा, नाहीतर पंधरा.

सुरंगी
दादांना इंजिन बंद ठेवायचं विचारलं. म्हणे, "एसी बंद झालो तर पेशंटाक उकडतला."