नदी-कालव्यांतून सहकुटुंब: तुमचे अनुभव लिहा

समुद्रातल्या क्रूझबद्दल बरंच लिहून झालंय. इथे नदी, कालवा, बॅकवॉटर, खाडी यांतून केलेल्या लांबच्या प्रवासांबद्दल लिहा. बोट स्वतः चालवली असेल किंवा नुसते बसून गेला असाल, काही फरक पडत नाही. घरची माणसं बरोबर हवीत, एवढीच अट. सुरुवात मी करते.

आम्ही इंग्लंडमधल्या नॅन्टविचहून लँगोलेन कालव्याने वेल्समध्ये गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, पण लांबीला एसटीपेक्षाही मोठी. परवाना लागत नाही. तासभर शिकवतात आणि किल्ली हातात देतात. वेगमर्यादा ताशी ४ मैल, त्यामुळे काठावर कुत्रा फिरवणारे आजोबासुद्धा आपल्याला मागे टाकतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. सासऱ्यांना हे लगेच जमलं, नवऱ्याला दुपार झाली.

खरी मेहनत लॉक्सची, आणि वाटेत ती २१ आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. झडपा फिरवायचं लोखंडी हँडल सासूबाईंनी पहिल्या दिवशीच ताब्यात घेतलं आणि कमरेला खोचलं. आत-बाहेर पाणी सारखं होईपर्यंत दरवाजा हलत नाही, मग कितीही जोर लावा. पातळी जुळली की लाकडी तुळईला पाठ लावून सावकाश रेटायचं. खाली उतरताना मात्र नीट लक्ष हवं. वरच्या दरवाजाच्या आत, पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीची मागची बाजू त्यावर टेकली तर पाणी खाली जातं आणि बोट लटकते. उंबरा कुठे संपतो ते भिंतीवर रंगवलेलं असतं, बोट कायम त्याच्या पुढे ठेवायची.

एकदा बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात कुणाची तरी जीन्स गुंडाळली गेली. इंजिन बंद करून, मागचं झाकण उघडून नवऱ्याने खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घातला आणि ब्रेडच्या सुरीने ती कापून काढली.

याच कालव्यावरचा पॉन्टकसिल्टेचा जलसेतू १८०५ सालचा. डी नदीच्या ३८ मीटर वरून, लोखंडी पन्हळीतून बोट जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीही नाही! मुलं त्याच बाजूला नाक लावून उभी. सासूबाई पडदा ओढून रामरक्षा म्हणत होत्या.

कोचीहून
केरळमध्ये हाउसबोट म्हणजे लांबचा प्रवास असं समजून जाऊ नका. संध्याकाळी मच्छीमारांची जाळी लागतात, त्यामुळे ती काठाला बांधून ठेवतात. आम्ही अलप्पुळाहून कोल्लमला प्रवासी बोटीने गेलो, आठेक तास. वरच्या मजल्यावर सुरुवातीला फार मजा येते, दुपारच्या उन्हात तिथे कोणीही उरत नाही. जेवायला काठावरच्या खानावळीत थांबवलं. केळीच्या पानावर भात आणि करीमीन मासा, बायकोसाठी नुसतं सांबार. चिनी जाळी आणि शेवटी अष्टमुडी सरोवराचं विस्तीर्ण पाणी, हे दोन्ही पैसे वसूल. मधले काही तास कंटाळवाणे होते, खोटं कशाला सांगू. पत्ते न्या.

चिपळूण
तुम्ही सगळे हौसेने जाता. आमच्या लहानपणी दुसरा सोयीचा मार्गच नव्हता. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने दाभोळ आणि तिथून लाँचने वाशिष्ठीतून वर गोवळकोट. वळकट्या, ट्रंक, आणि आईच्या पदरात आवळासुपारी, मळमळलं की चघळायला. वेळापत्रक भरतीचं. सुकती लागली आणि लाँच चिखलात रुतली की पाणी भरेपर्यंत तिथेच. मोठी माणसं वैतागत, आम्ही काठावरचे खेकडे बघत बसायचो. पावसाळ्यात आगबोट बंद, ती नारळी पौर्णिमेनंतर. आता त्याच नदीत लोक मगरी बघायला तिकीट काढून जातात. नातवंडांना घेऊन गेले होते, मगर दिसलीसुद्धा. पण लाँच कुठे लागायची ते दाखवायला लागले, तर एकाचंही लक्ष नाही!

न्यू जर्सी
न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्यावर वॉटरफर्डला एकामागून एक पाच लॉक्स आहेत, मिळून १६९ फूट चढ. इथे दरवाजे ढकलावे लागत नाहीत, माणसं नेमलेली असतात. आपलं काम भिंतीवरून लोंबणारा दोर धरून बोट जागेवर ठेवायची. दोर नुसता हातात धरायचा, बोटीला गाठ मारायची नाही. पाणी वरखाली होताना बांधलेली बोट कलंडू शकते. मुलीला हे पटवायला मला दोन लॉक्स लागली, कारण तिला नुकत्याच स्काउट्समध्ये गाठी शिकवल्या होत्या. हातमोजे घ्या, दोर शेवाळाने बरबटलेले असतात.

पॅरिसहून
आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्यावर गेलो होतो. १६८१ मध्ये खुला झालेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा. लॉक्स लंबगोल आहेत, त्यामुळे बोट भिंतीला चिकटून राहत नाही, दोर धरणाऱ्याची कसोटी. दुपारी लॉकवाल्यांची जेवणाची सुट्टी असते, तेव्हा आपणही जेवून घ्यावं. काठावरच्या ‘प्लेन’ नावाच्या झाडांच्या सावलीची फार कीर्ती ऐकली होती. बुरशीच्या रोगामुळे हजारो झाडं तोडावी लागली आहेत, काही टप्प्यांत डोक्यावर सरळ ऊन. टोप्या न्याच. बोटीवर सायकली मिळाल्या तर नक्की घ्या, सकाळचा ब्रेड आणायचं काम मुलांनी आनंदाने केलं.

नाशिक
धागाकर्तीताई, आमचा पुढच्या वर्षी इंग्लंडचाच बेत आहे. आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का? आणि स्वयंपाकाचं काय?

धागाकर्ती
झेपेल, पण पायऱ्या अरुंद आहेत आणि बोटीच्या कडेवरून चालायला जागा वीतभर. गुडघ्यांचा त्रास असेल तर लॉक्स कमी असलेला मार्ग घ्या. आत गॅसची शेगडी, ओव्हन, फ्रीज सगळं असतं. पाण्याची टाकी रोज भरा, अंघोळी आटोपत्या घ्या. कुकर घरून न्या, बोटीवर मिळत नाही.