मदत हवी आहे: छोट्या रंगमंचावर भीती टिकवायची कशी?

दोन नट, ४० खुर्च्या आणि एक भूतकथा, एवढ्यावर आम्ही तासाभराचा प्रयोग बसवतोय. पहिली रांग माझ्यापासून हातभर अंतरावर. मला हेच हवं होतं. पडद्यावरचं भूत पडद्यातच राहतं, इथे शेजारच्याचा अडकलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. जपानमध्ये शंभर भूतकथांच्या बैठकीत दर कथेनंतर एक दिवा विझवायचे. पॅरिसच्या ग्रां गिन्योल या भयनाट्यांच्या थिएटरात (१८९७ ते १९६२) जेमतेम ३०० जण मावत.

अडचण अशी: मध्यावर एकदम काळोख आणि दारावर थाप. लोक किंचाळतात, मग सुटल्यासारखे हसतात, आणि त्यानंतरचा कुजबुजत्या आवाजातला प्रसंग, जो मला सगळ्यात प्रिय आहे, तो वाहून जातो. हसू ओसरेपर्यंत थांबावं, की त्यातच पुढचं वाक्य टाकावं? की थापच काढून टाकू?

शिवाय डोळे अंधाराला पुरते सरावायला २०-३० मिनिटं लागतात. म्हणून उजेड सुरुवातीपासूनच हळूहळू उतरवत न्यावा का? बाहेर जायच्या दारावरचा दिवा मात्र चालूच ठेवावा लागतो. त्याचा उजेड थेट मंचावर येतो. असं कुणी हाताळलंय का?