चर्चला कुलूप होतं तेव्हा तुमच्या गावात काय चाललं होतं?

बावखलकाठ

परवा आमच्या चर्चच्या घंटाघरावरचा जुना भोंगा उतरवला. नवीन साउंड सिस्टीम आलीय, ती आतल्या भिंतींना. भोंग्यात साळुंक्यांनी घरटं केलेलं निघालं, ते बघायला पोरं जमली. त्यातल्या एकाने विचारलं, हा बाहेर कशाला लावला होता? त्याला सांगता सांगता 2020 सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

आमचं गाव वसईच्या पश्चिम पट्टीत. संध्याकाळी घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची पद्धत जुनीच. पण 22 मार्चचा जनता कर्फ्यू झाला, त्याच आठवड्यात टाळेबंदी आली आणि चर्चचं दार बंद. आत फादर एकटे. आधी काही दिवस नुसती शांतता, रस्त्यावर भाजीची गाडी पण नाही. मग एका संध्याकाळी सातची घंटा झाली आणि भोंग्यातून फादरांचा आवाज. नमो मरियाचा पहिला भाग ते म्हणणार, उरलेला गावाने आपापल्या ओटीवरून. जवळच्या घरांचा आवाज आधी, मागच्या आळीचा नंतर, बावखलापलीकडचा (बावखल म्हणजे गावातलं तळं) सगळ्यात शेवटी. फादरांना आत काहीच ऐकू येत नव्हतं म्हणे. ते अंदाजाने थांबायचे.

फाटकाला बिस्किटाचा पत्र्याचा डबा बांधला होता, त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. रोझरीच्या शेवटी वाचल्या जायच्या. अमक्याच्या मुलीला कुवेतहून विमान मिळू दे, तमक्याचा रिपोर्ट चांगला येऊ दे. खाजगीपणाचा पार बोजवारा! काहींना राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. पण चिठ्ठी वाचली की दुसऱ्या दिवशी त्या घराच्या गेटवर कोणीतरी भाजी नाहीतर अंडी अडकवून गेलेलं असायचं, हेही मी बघितलंय.

5 एप्रिलला झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मिरवणूक नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्याच माडाची झावळी काढून गेटला बांधली. त्याच रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लावायचे होते. सकाळी झावळ्या, रात्री मेणबत्त्या. आमच्या आजीला वाटलं दोन्ही पोपसाहेबांनीच सांगितलंय.

तुमच्याकडचं लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, शेजारी, कोणीही.

लाललुगडं

आजीवरून आठवलं. आमची आजी मोबाइलवरच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पण लाल लुगडं, कानात सोन्याचं, पायात नवी चप्पल. चप्पल घालून घरात बसायची कारण चर्चला जाताना घालतात ना! आम्ही लोळत बघायचो तर शिव्या. आणि नेमकी वेदीवरची भाकर वर उचलली की नेट अडकायचं. फादरांचे हात वर ते वरच. आजी गुडघ्यावर तशीच बसून राहायची, उठू का विचारायची.

पाणजू_पलीकडे

हा हा, आमच्याकडे नेट अडकलं की बाबा म्हणायचे, सैतानाचं काम

रेवदंड्याचा_वारा

आमचं वेगळं. कोर्लईला ऑनलाइन मिस्सा अडीच महिने कशीबशी चालली आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं. नंतर ना वीज, ना टॉवर. माड, सुपारी आडव्या. घराघरांचे पत्रे दुसऱ्याच्या वाडीत. कोरोनाचं कोण बोलतंय, सगळे कौलं शोधत होते.

तर त्या काळात परत जुनं सुरू झालं. प्रत्येक आळीत एकेका घराच्या अंगणात, लांब लांब उभं राहून, आमच्या नौ लिंगमध्ये (पोर्तुगीजवरून आलेली कोर्लईची बोली) प्रार्थना. मास्क होते, पण पावसात भिजून चिकटायचे. 16 जुलैला आमच्या माउंट कार्मेलचा सण असतो. तोपर्यंत निम्म्या घरांवर प्लॅस्टिक होतं. बाहेरगावचं कोणी नाही, बँड नाही, जेवणावळी नाहीत. पण नोव्हेनाची (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) एकही संध्याकाळ चुकली नाही. बायकांनी आपसांत वाटून घेतलं होतं कोण कुठल्या दिवशी सुरुवात करणार.

माझ्या मते वादळाने उलट सोपं झालं. मोबाइल बंद होता म्हणून लोक तोंडं वर करून एकमेकांना दिसायला लागले.

बावखलकाठ

@रेवदंड्याचा_वारा, निसर्गाच्या वेळी आमच्याकडून ताडपत्र्या गोळा करून पाठवल्या होत्या. पोचल्या का तेव्हा?

रेवदंड्याचा_वारा

कुठून कुठून आल्या होत्या, नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. निळ्या असतील तर आल्या :) माझ्या गोठ्यावर अजून आहे एक.

तारकर्लीचो

आमच्या वाडीत चर्चपेक्षा पाववालो महत्त्वाचो. पयल्या आठवड्यात बेकरी बंद. माझी आवस म्हणता, मिस्सा चुकली तर देव माफ करीत, पण चायत बुडवूक पाव व्हयो. मगे पाववाल्याक पास गावलो. सायकलीर भोंपू वाजवीत येय. फादरान त्येच्याकडेच चिठ्ये दिवक सुरवात केल्यानी. रविवारचा वाचन, आजाऱ्यांची नावां, कोणाक औषध व्हया तां. पावाबरोबर चिठी. आमच्या म्हाताऱ्याक मोबाइल दिसना नाय, पण चिठी दोनदा वाचून घेय.

आणि खुबी म्हणजे, खंयच्या घरातसून पाव घेवक कोण भायर इला नाय तर पाववालो फादराक जावन सांगी. तसाच एक एकटी रवणारी म्हातारी न्हाणीत पडलेली गावली. वाचली. आता पण आसा, पाव कडक लागलो तर अजून त्येका गाळी घालता.

घाटावरून

पाववाला पण ख्रिश्चनच का?

तारकर्लीचो

नाय रे. बेकरी मुसलमानाची, पाववालो भंडारी.

मचव्याची_दोरी

मी शेजारी कॅटेगरीतली. आमचं घर चर्चच्या कंपाउंडला लागून, आम्ही माळी. त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या रात्री (11 एप्रिल) फादर आणि एक सिस्टर, दोघंच अंगणात, नवी मोठी मेणबत्ती पेटवत होते. दर वर्षी तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझे सासरे गच्चीवरून बघत होते, खाली आले, म्हणाले देवाच्या कामाला दोनच माणसं बरं दिसत नाही. मग आम्ही घरातले सगळे गच्चीवर उभे राहिलो, वात घेऊन. प्रार्थना काय येते आम्हाला! नुसते उभे.

ऑगस्टात आमच्या गणपतीला फादरांनी गेटवरूनच हात जोडले आणि केळ्यांचा घड ठेवून गेले.

लाललुगडं

केळी म्हणजे सुकेळी आठवली. हल्ली खरी सुकेळी मिळतात का कुठे? बाजारात मिळतात ती गुळात लोळवलेली वाटतात.

पाणजू_पलीकडे

उन्हात वाळवायला जागा राहिलीय का वसईत! आत्याकडे मिळतात, व्यनि कर

आगळ

आमची प्रोटेस्टंट मंडळी, रत्नागिरी जिल्हा, मोजकी घरं. भोंगा नाही, यूट्यूब नाही. पाळकसाहेबांनी रविवारची उपासना कॉन्फरन्स कॉलवर घेतली. शास्त्रवाचन, उपदेश ठीक. गाणं आलं की गोंधळ. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे, पेटीवाली बाई एका कडव्यावर, आजोबा पुढच्या. शेवटी ठरलं की एकाने गायचं, बाकीच्यांनी फोन म्यूट करून घरात मोठ्याने. रेव्हरंड टिळक आपल्याच जिल्ह्यातले, करजगावचे. त्यांची भजनं आजोबांना तोंडपाठ, त्यामुळे बहुतेक रविवार त्यांच्याच वाट्याला.

खरा प्रश्न पैशांचा होता, तो कुणी लिहीत नाही. दानार्पणाची थैली फिरत नाही म्हणजे पाळकसाहेबांचा पगार नाही. आमच्यात निम्मे लोक रोजंदारीवर, त्यांचंच काम बंद. खजिनदार काकांनी वही काढली. ज्याला जमेल त्याने पैसे, नाहीतर तांदूळ, नारळ, कोणी मासे. तांदूळ परत ज्याच्या घरी नाहीत त्याच्याकडे. पाळकसाहेब मासे खात नाहीत हे आम्हाला तेव्हा कळलं, इतकी वर्षं गप्प होते बिचारे.

प्रभुभोजनाला वाद झाला. द्राक्षरस मिळेना. पाळकसाहेब म्हणाले घरात जो लाल रस असेल तो घ्या. आमच्याकडे कोकम. आईने आगळ ओतलं. प्रत्येकाचं तोंड बघण्यासारखं. म्हणून हा आयडी.

लाललुगडं

आगळात मीठ असतं गं!! अमृत कोकम घ्यायचं, साखरेचं

आगळ

ते संपलं होतं ना

शिलालेख

थोडं इतिहासाचं. साथ आणि क्रूस हे नातं आपल्याकडे जुनं आहे. 1896ला मुंबईत गाठीचा प्लेग आला, तेव्हा वांद्र्यासारख्या गावठाणांत लोकांनी चौकाचौकांत क्रूस उभारले, त्यांपैकी बरेच अजून आहेत. तिथेच लादीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) म्हणायचे. संत सेबेस्टियनचा 20 जानेवारीचा सणही साथींपासून रक्षण मागण्याशीच जोडलेला. आणि 27 मार्च 2020ला पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात एकटे उभे होते, तेव्हा शेजारी जो क्रूस होता तो 1522च्या प्लेगमध्ये रोमभर मिरवलेला. आमच्या वाडीतल्या क्रुसापाशी 2020च्या मे महिन्यात एकेक कुटुंब पाळीपाळीने येऊन लादीन म्हणून जायचं, आधीच्या घराची मेणबत्ती विझायच्या आत पुढच्यांनी यायचं असा नियम. वारा फार, त्यामुळे नियम रोज मोडायचा.

पाणजू_पलीकडे

पोपसाहेबांचं ते मी लाइव्ह बघितलं होतं. घरात कोणी बोललं नाही बराच वेळ. मग आई म्हणाली छत्री तरी द्यायची त्यांना

सातवा_दिवस

लिहू की नको असं चाललंय. माझे बाबा एप्रिल 2021मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. आई त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या वॉर्डात. दफनाला वीसची मर्यादा होती, पण आलो आम्ही तिघं. बाकी घरात सगळे पॉझिटिव्ह. पेटी उघडायची नव्हती.

खड्डा आमच्या धर्मग्रामातल्या पोरांनी खणला, पीपीई किट घालून, भर दुपारी. त्यातला एक तो होता ज्याचा चेंडू बाबांनी दर सुट्टीत जप्त केला. किटमध्ये ओळखू येत नव्हता, आवाजावरून कळलं. त्याने आपला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीवर ठेवला आणि आईला लावला. फादरांची प्रार्थना आईने तशी ऐकली. नर्सने स्पीकर धरला होता.

सातव्या दिवसाची मिस्सा फादरांनी एकट्याने म्हटली. मग 7 ऑक्टोबरला देवळं, चर्च परत उघडल्यावर आईने पुन्हा म्हणायला सांगितली. तेव्हा चर्च भरलं. लोक उभे होते.

बावखलकाठ

लिहिलंत ते बरं केलंत. आई कशा आहेत आता?

सातवा_दिवस

बऱ्या आहेत. गुडघे दुखतात. पहिल्या बाकावर बसतात.

नाइट_ड्यूटी

@सातवा_दिवस, मी मुंबईत नर्स, मूळची सावंतवाडीकडची. स्पीकर आम्ही पुष्कळांसाठी धरला. कुराण, गीता, रोझरी, आणि एका काकांना क्रिकेटची जुनी कॉमेंट्री हवी होती. मला स्वतःला दीड वर्षं मिस्सा मिळाली नाही. घरून आई रोज पहाटे मेसेज पाठवायची, आजचं स्तोत्र अमुक. वाचायला वेळ नसायचा, आकडा तेवढा बघायचे. त्या मेसेजेसचा बॅकअप गेला, नवीन फोन घेतला तेव्हा.

बल्लास्ट

मी क्रूझवर हाउसकीपिंगला. पाहुणे उतरले, आम्ही राहिलो, बंदर घेईना. नेट महाग. रविवारी गावच्या चर्चचं यूट्यूब लावायचो. एकदा मिस्सा संपली आणि फादर लाइव्ह बंद करायचं विसरले. अर्धा तास रिकामी वेदी, पंखा, बाहेर कावळे. मी बंद केलं नाही. खाली कमेंटमध्ये आणखी दोघं होते, एक दुबईत, एक दुसऱ्या जहाजावर. एकाने लिहिलं, तो पंखा अजून तसाच आवाज करतो वाटतं. मग आमच्या गप्पा सुरू. शेवटी सिस्टर झाडू घेऊन आल्या, त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं कोण आहे? आम्ही तिघांनी नावं टाइप केली. त्यांना वाचता आली की नाही माहीत नाही, चष्मा नव्हता, पण हात हलवला.

लाललुगडं

सिस्टर लोकांचं कोणी लिहीत नाही. आमच्याकडे मास्क त्यांनीच शिवले, जुन्या वेदीवस्त्रांचं अस्तर काढून. काठाला लेस असलेला मास्क घालून माझा भाऊ रेशनच्या रांगेत उभा.

आणि 16 नोव्हेंबर 2020ला चर्च पहिल्यांदा उघडलं तेव्हा दाराशी पवित्र पाण्याच्या जागी सॅनिटायझर. आजीने बोटं बुडवली, क्रुसाची खूण केली, मग वास आला. पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळावर खूण नाही, डोक्यावर नुसती राख भुरभुरवली. आजी म्हणाली, केस कालच धुतले होते.

आगळ

तुझ्या आजीवर वेगळा धागा काढ बाई

घाटावरून

आगळ आणि अमृत कोकम दोन्ही कुठे मिळेल चांगलं? पुण्यात पाठवणारं कोणी?

तारकर्लीचो

माज्या मावशीकडे आसा. पण आगळ मागशीत तर मीठ कमी घालूक सांगीन, हयल्या लोकांका चर्चेत घेवन जावचा आसात तर

आगळ

मेल्या!