मदत हवी आहे: मध्यम बजेटचा गेमिंग पीसी, आठ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घेऊन मोकळं व्हावं की सोळासाठी बाकीच्यात काटछाट करावी?

अर्धी_रात्र:

नमस्कार मंडळी,

सुटे भाग आणून घरीच गेमिंग पीसी जुळवायचा आहे. यादी बरीचशी ठरली आहे, पण दोन ठिकाणी गाडं अडलंय. रोज नवा व्हिडिओ बघायचा आणि कालचा निर्णय फिरवायचा, असं चाललंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

वापर आधीच सांगून टाकते, म्हणजे "कशासाठी हवाय?" हा पहिला प्रतिसाद वाचेल. मी एकटीने खेळायचे, कथानकवाले मोठे गेम खेळणार, सायबरपंक २०७७ आणि त्या पठडीतले. धाकटा भाऊ व्हॅलोरंट खेळणार. त्याला चित्र कसंही चालतं, फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) भरपूर हव्यात. शिवाय मी ब्लेंडर (थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर) शिकते आहे. पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून. मॉनिटर सध्या १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे, तो यथावकाश बदलून २७ इंची १४४०पी घ्यायचा आहे. त्यामुळे कार्ड पुढच्या मॉनिटरच्या हिशेबाने घ्यावं असं वाटतं. १०८०पी पडद्यावर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख, म्हणजे कार्डाचं ओझं पावणेदोन पटीच्या वर जाणार.

आत्तापर्यंतची यादी:

प्रोसेसर: रायझन ५ ७६०० (सहा कोर, ६५ वॅट, डब्यातच कूलर येतो)
मदरबोर्ड: बी६५० चिपसेट, मायक्रो एटीएक्स
रॅम: ???
ग्राफिक्स कार्ड: ???
एसएसडी: १ टीबी एनव्हीएमई, चौथ्या पिढीची
पॉवर सप्लाय: ६५० वॅट ब्रॉन्झ
कॅबिनेट: समोर जाळी असलेलं कुठलंही

एएम५ सॉकेट (या बी६५० बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) घ्यायचं कारण सरळ आहे. २०२२ मध्ये आलेला हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने जाहीर केलंय. तीनचार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागेल. इंटेलचा एलजीए १७०० स्वस्तात बसत होता, पण चौदाव्या पिढीवर त्याचा रस्ता संपला.

प्रश्न पहिला, कार्ड. आरटीएक्स ५०६० बजेटमध्ये आरामात बसतं, पण त्याला मेमरी ८ जीबीच. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी ओढूनताणून बसेल. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी घेतलं तर दुसरं काहीतरी सोडावं लागेल. ब्लेंडरसाठी एनव्हीडियाच घ्या असं सगळेच सांगतात, म्हणून मन ५०६० कडे झुकतं. मग कुणीतरी "२०२६ मध्ये ८ जीबी?" म्हणून नाक मुरडतं. ही भीती खरी आहे की व्हिडिओवाल्यांनी उठवलेली आवई?

प्रश्न दुसरा, रॅम. ३२ जीबीचा सेट ठरला होता, पण २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव असे भडकलेत की हात आखडता घ्यावा लागतोय. १६ वर यायचं तर ८ च्या दोन स्टिक घ्याव्यात, की १६ ची एक घेऊन जोडीदार नंतर आणावा?

अवांतर: एका ओळखीच्याने लिक्विड कूलर "हवाच" असं बजावलंय. हवाच का?

स्क्रूड्रायव्हर:

आधी अवांतराचं उत्तर. नको. ७६०० ला डब्यातला कूलर पुरतो. आवाज खटकला तर एका पंख्याचा साधा टॉवर कूलर लावा. लिक्विडचे पैसे कार्डात घाला.

आता ८ जीबीचं. भीती खरी आहे, पण सरासरी फ्रेम्सच्या तक्त्यात ती दिसत नाही, म्हणून वाद मिटत नाही. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तेव्हा पीसीआयई स्लॉटमधून (कार्ड बोर्डाला जोडतो त्या खाचेतून) ओढून आणावा लागतो. ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी या वेगाने चालते. कार्ड आठच लेनचं (माहिती ये-जा करायच्या मार्गांचं) आहे, आणि बी६५० बोर्डांवर कार्डाचा स्लॉट सहसा चौथ्या पिढीचा असतो; तिथून सेकंदाला जेमतेम १६ जीबी येतात. महामार्गावरून थेट बोळात शिरल्यासारखं आहे ते.

पडद्यावर ते असं दिसतं. कोपऱ्यातला आकडा ७० फ्रेम्स दाखवतोय, सगळं मस्त चाललंय, तुम्ही गाडी वळवून नव्या गल्लीत शिरता आणि चित्र क्षणभर जागच्या जागी थिजतं. आकडा लगेच पुन्हा ७०. कधी गेम अडखळत नाही, पण समोरची भिंत चिखल फासल्यासारखी दिसते, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लागत नाहीत, आणि तुम्ही तिथून पुढे निघालात की मग ती स्पष्ट होतात. म्हणून व्हिडिओ बघताना सरासरी सोडा, "१ टक्का लो" (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग) नावाचा आकडा बघा आणि टेक्श्चर (भिंती, पाट्या यांच्या पृष्ठभागाचं चित्र) कुठल्या पातळीवर ठेवलंय तेही बघा.

रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खऱ्यासारखा हिशेब) मेमरी खातं. फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम्स कार्डानेच रचणं) खातं. म्हणजे ५०६० विकताना ज्या सोयीचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो, तीच मेमरी तंग असताना अंगाशी येते. १०८०पी वरच राहणार असाल आणि टेक्श्चर एक पायरी खाली ठेवायची तयारी असेल तर ८ जीबीत अजून निभतं. भावाच्या व्हॅलोरंटला तर मेमरीशी देणंघेणंच नाही, तिथे प्रोसेसर पळतो. पण तुम्ही १४४०पी म्हणताय. १६ च घ्या.

ब्लेंडरचं म्हणाल तर सायकल्स (ब्लेंडरचं चित्र तयार करणारं इंजिन) रेंडर एनव्हीडियावर त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे जास्त वेगाने होतो हे खरंच आहे. एएमडीवर तो त्यांचं हिप हे तंत्र वापरून चालतो. चालतो नीट, वेगाला कमी पडतो. पण सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर एनव्हीडियाचा वेगही कामाला येत नाही: रेंडर रखडतो, नाहीतर मेमरी संपल्याचं सांगून बंद पडतो. रोज रेंडर लावणार असाल तर ५०६० टीआय १६ जीबी. शनिवार-रविवारची हौस असेल तर ९०६० एक्सटी १६ जीबी, आणि वाचलेले पैसे रॅमला.

एक खबरदारी. ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत एकाच नावाने विकली जातात. डबा तोच, पंखे तेच. "फारच स्वस्त मिळतंय" असं वाटलं की आधी तो आकडा वाचा.

जुनाट:

एएम५ चा एवढा आग्रह कशाला? मागच्या पिढीचं घ्या: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, डीडीआर४ रॅम. गेमिंगला आजही चांगलं चालतं. वाचले ते सगळे कार्डात टाका.

फक्त ५६०० च्या ऐवजी ५५०० गळ्यात मारून घेऊ नका. नावात शंभराचाच फरक दिसतो, पण ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरची अंगची झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई तिसऱ्या पिढीचं. आठ लेनच्या कार्डाची तिथे आणखी गळचेपी.

चौथा_स्लॉट:

@जुनाट, घरात जुनी डीडीआर४ पडून असेल तर तुमचं म्हणणं सोळा आणे. पण शून्यापासून सुरुवात करायची तर डीडीआर४ सुद्धा आता पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही, आणि ५६०० नंतर पुढे जायचं तर त्या बोर्डावर फार काही उरलेलं नाही. धागाकर्तीला प्रोसेसर बदलायची सोय हवी आहे, एएम५ बरोबर आहे.

रॅमचं सविस्तर लिहितो, कारण इथे दोन्ही बाजूंनी पाय अडकतो.

१६ ची एकच स्टिक घेतली तर एकच चॅनल चालतो, म्हणजे बँडविड्थ (माहिती ने-आण करायचा वेग) निम्मी. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हे चांगलंच जाणवतं, आणि पहिली तक्रार भावाचीच येईल. जोडीदार नंतर आणू म्हणाल तर त्याच मॉडेल नंबरच्या स्टिकवर कंपनीने मधल्या काळात वेगळ्या चिप लावलेल्या असू शकतात. दोन्ही मिळून ६००० च्या वेगावर चालतील याची कुणी हमी देत नाही.

८ च्या दोन घेतल्या तर दोन चॅनल मिळतात, आज ते एका स्टिकपेक्षा बरं. पण डीडीआर५ च्या ८ जीबी स्टिकमध्ये सहसा चारच चिप असतात आणि आतले बँक ग्रुप (मेमरीचे कप्पे) निम्मे, त्यामुळे १६ च्या जोडीपेक्षा त्या थोड्या मागे पडतात. आणि पुढे वाढवायचं कसं? चारही स्लॉट भरले तर रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. म्हणजे ८ ची जोडी एक दिवस विकायचीच.

माझ्या मते काटछाट तिथे करा जिथे नंतर भर घालता येते. एसएसडी आत्ता ५०० जीबीची घ्या. बी६५० बोर्डांवर बहुधा दुसरा एम.२ स्लॉट असतो, पुढे दुसरी लावा. तोवर तीनचार मोठे गेम मावतील, पाचव्यासाठी एक उडवायचा. कूलर, जादा पंखे हेही नंतर येतात. रॅमची जोडी, कार्ड आणि पॉवर सप्लाय यांत भर घालता येत नाही, ते काढूनच टाकावे लागतात. म्हणून १६ च्या दोन, एका सेटमधल्या. दिवे नसलेल्या. ६००० ला सीएल (रॅमला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) ३० च हवं हा हट्टही सोडा. सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल३६ म्हणजे १२. मधल्या दोन नॅनोसेकंदांसाठी या भावात जास्त मोजण्यात राम नाही.

अर्धी_रात्र:

मंडळी, मनापासून आभार. कार्डाचा प्रश्न सुटला, ९०६० एक्सटी १६ जीबी. ब्लेंडरला वेळ लागला तर लागू दे, चहा करून येईन. रॅम ३२ चा सेट, एसएसडी ५०० ची. लिक्विड कूलरवाल्यांना हा धागा पाठवते :)

शेवटच्या दोन शंका. ७६०० ऐवजी ७५००एफ घेतला तर थोडे वाचतात, घ्यावा का? आणि पॉवर सप्लाय ५५० वॅटवर आणला तर?

स्क्रूड्रायव्हर:

७५००एफ गेममध्ये ७६०० च्या अगदी जवळ आहे, कमाल वेग ५.१ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ. फरक एवढाच की त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. उद्या पडदा काळा झाला तर दोष कार्डाचा की आणखी कशाचा, हे तपासायला घरात दुसरं कार्ड लागेल. पहिल्यांदाच जुळवताय, मी असतो तर ७६०० वरच राहिलो असतो. वाचणारी रक्कम चांगली घसघशीत असेल तर गोष्ट वेगळी.

पॉवर सप्लायचा हिशेब: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १६०, बाकी सगळं मिळून ५०-६०. सव्वातीनशेच्या आत. ५५० पुरतो. पण "ब्रॉन्झ" या शिक्क्यावर जाऊ नका. वीज किती वाया जाते एवढंच तो सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. अनोळखी ६५० पेक्षा नावाजलेला, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० केव्हाही चांगला. पुढे जास्त वीज खाणारं कार्ड घ्यायचा विचार असेल तरच ६५०.

कॅबिनेट घेण्याआधी कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघून ठेवा. तीन पंख्यांची कार्डं लहान कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यांना टेकतात.

चौथा_स्लॉट:

जुळवताना घाबरू नये म्हणून तीन गोष्टी.

प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये रॅम लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. एएम५ वर बोर्ड तेव्हा रॅमची जुळवाजुळव करत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. लोक इथेच धीर सोडून बटण दाबून बंद करतात आणि "बोर्ड मेला" म्हणून धागा काढतात. थांबा, चित्र येईल.

चित्र आलं की बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सोय) चालू करा, नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० वर चालत बसेल आणि कुणी काही बोलणार नाही.

आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. ७६०० ला स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे बोर्डाच्या पोर्टमध्ये लावली तरी डेस्कटॉप अगदी व्यवस्थित दिसतो, आणि मग सायबरपंक सुरू केल्यावर दहा फ्रेम्स का येतात म्हणून माणूस ड्रायव्हर उतरवत बसतो.