मशीन गरम झालं की बूम (बकेटचा मोठा हात) उचलत नाही, अर्जंट मदत हवी आहे

खापरीवाला:
नमस्कार मंडळी. सकाळी मशीन मस्त चालते, दहा-अकरा वाजेपर्यंत काहीच त्रास नाही, मग हळूहळू जोर कमी होतो आणि जेवणाच्या टायमाला भरलेला बकेट वरच येत नाही. इंजिनचा आवाज बरोबर आहे. हिंगण्याकडं शेततळ्याचं काम घेतलं आहे, ३० × ३० × ३ मीटर, काळी माती निघाली आता मुरूम लागला, पावसाच्या आत संपवायचं आहे आणि शेतकरी रोज फोन करून राहिला. मेकॅनिक म्हणते हायड्रॉलिक पंप (तेलाच्या प्रेशरनं बूम उचलणारा) गेला, नवा टाका. एवढे पैसे आत्ता नाहीत. लवकर सांगा.

डोझर_दादा:
मशीन म्हणजे कोणती, जेसीबी की पोकलेन? आतापर्यंत किती तास चालली? फक्त बूम ढिला पडतो की पुढचा लोडर, स्टॅबिलायझर (मागचे टेकूचे पाय) सगळंच?

खापरीवाला:
बॅकहो आहे भाऊ, म्हणजे जेसीबी, ९१०० तास. सगळंच ढिलं पडते.

कामठीकर:
पंपच आहे, डोळे झाकून बदला. माझ्या मशीनला अगदी हेच झालं होतं, दोन महिने इकडंतिकडं पैसे घातले आणि शेवटी पंपच टाकावा लागला.

डोझर_दादा:
डोळे झाकून काहून? आधी टेस्ट पोर्टला (प्रेशर मोजायच्या तोंडाला) गेज लावा, मशीन थंड असताना आणि गरम झाल्यावर दोन्ही वेळचं प्रेशर लिहून ठेवा. एकच बूम खाली बसत असता तर सिलिंडरचं सील म्हटलं असतं. सगळंच मंद पडते म्हणजे पंप, मेन रिलीफ व्हॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडणारा), नाहीतर हायड्रॉलिकचं तेल. तेल कधी बदललं?

खापरीवाला:
मागच्या आठवड्यात बदललं, ते सांगायचं राहिलं. पण नवंच तेल आहे, त्याचा काय संबंध?

डोझर_दादा:
मोठा संबंध आहे. डब्यावर आकडा कोणता?

कळमना_ट्रान्सपोर्ट:
या कामाला बॅकहो लावूच नका, मुरुमात वेळ जातो. पोकलेन भाड्यानं आणा, दोन दिवसांत तळं मोकळं.

कामठीकर:
पोकलेनचं भाडं आणि ट्रेलरचा खर्च तुम्ही देणार का? माणूस पैसे नाहीत म्हणून लिहून राहिला.

शेतीवाली_ताई:
दादा, मुरूम लागला म्हणता तर शेतकऱ्याला सांगा, खाली प्लास्टिकचं अस्तर टाकल्याशिवाय पाणी थांबणार नाही. आमचं तळं पहिल्या वर्षी दिवाळीच्या आत कोरडं पडलं, तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं. कागद टाकायच्या आधी टोकदार दगड वेचून घ्या, नाहीतर फाटतो.

खापरीवाला:
ताई सांगतो त्याला. डोझर दादा, डब्यावर ३२ लिहिलं आहे. मेकॅनिकनंच आणलं होतं, स्वस्त मिळालं म्हणे.

डोझर_दादा:
मग पंपाला हातच लावू नका अजून. तो आकडा म्हणजे ४० डिग्रीला तेल किती घट्ट राहते ते. आपल्याकडं मे महिन्यात हवाच ४५ ला जाते, टाकीतलं तेल त्याच्या किती वर असते विचार करा. ३२ चं तेल तेवढ्यात पाण्यासारखं पातळ होते, पंपाच्या आतल्या फटीतून मागं गळते आणि प्रेशर बनतच नाही. सकाळी थंड असते म्हणून बरोबर चालते. मॅन्युअलमध्ये ग्रेड बघा, आपल्याकडं उन्हाळ्यात ४६ किंवा ६८ चालते, मिसळू मात्र नका, पूर्ण काढून भरा. तेल थंड करणाऱ्या कूलरची जाळी पण साफ करा, काळ्या मातीची धूळ तिथं थापून बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकी उघडायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवा, प्रेशर निघू द्या. लीक शोधायला होजवर (तेलाच्या नळीवर) हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक भोकातलं तेल कातडीत घुसलं तर हात जाते, माझ्या ओळखीच्या ऑपरेटरचं बोट गेलं आहे.

कामठीकर:
ग्रेडचं मला माहीत नव्हतं. पण ९१०० तासांना पंपही थकलाच असेल, लिहून ठेवा.

डोझर_दादा:
थकला असेलही. गेज सांगेल.

खापरीवाला:
कूलर काल संध्याकाळी धुतला, जाळीतून ओंजळभर माती निघाली. आज साडेबारापर्यंत चालली, मग परत बसली. उद्या सकाळी तेल बदलतो, गेज कळमन्यातून आणतो. आकडे इथंच टाकतो, थांबा.