302 चं बिल

रविवार, 19 मे 2024, सोसायटीचा ग्रुप

*201 वहिनी:* मे चं बिल आलं का सगळ्यांचं? आमचं 287 युनिट, 3,330 रुपये. गेल्या मे मध्ये पण एवढीच युनिटं होती, तेव्हा 3,130 च्या आसपास आलं होतं. दर वाढलेत की मीटर पळतोय?

*104 दादा:* दर वाढलेत वहिनी. 1 एप्रिलपासनं. पहिल्या 100 युनिटांना 4.41 होता तो 4.71 झाला, 101 ते 300 ला 9.64 चा 10.29. त्यावर युनिटमागं 1.17 वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे पैसे, तो आहे तेवढाच आहे. मग स्थिर आकार, आणि त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

*103 आबा:* म्हंजी शंभराच्या वर गेलं की दुप्पट.

*104 दादा:* होय आबा. वहन आकार धरून 5.88 चं थेट 11.46.

*103 आबा:* राधानगरीच्या धरणावर वीज तयार हुतीया आनि आमी हितं पंखा बंद करून बसायचं. चांगलं हाय.

*201 वहिनी:* म्हणून तर आमच्या ह्यांनी रीडिंगच्या आधी चार दिवस एसीचा रिमोटच लपवून ठेवला. 300 च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळं बिल वरच्या दरानं लागतं म्हणे.

*104 दादा:* आवो तसं न्हाई. अर्ध्या कोल्हापूरचा हाच गैरसमज आहे. 301 वं युनिट तेवढं महाग, 14.55 नं. खालची 300 आपापल्या दरानंच धरतात. चार युनिटं वर गेली असती तर त्या चारांचे सत्तर-पंच्याहत्तर रुपये, वहन आकार आणि शुल्कासकट. त्यासाठी पोरांना घामात झोपवलंत व्हय?

*201 वहिनी:* हा मेसेज ह्यांना दाखवते. थांबा.

*203:* माझं 94 युनिट 😎

*201 वहिनी:* तू घरी असतोस कधी? शुक्रवारी रात्री पुण्याहून येतोस, रविवारी परत.

*302 काकू:* दुधाची पिशवी आजही दारातून गेली. तिसरी वेळ. कुणी चुकून नेली असेल तर सांगावं.

*302 काकू:* आणि आमचं बिल 178 युनिट. घरात आम्ही दोघंच. एसी नाही, ओव्हन नाही. 201 मध्ये पाच माणसं आणि एसी, तरी आमच्या दुप्पट पण नाही. हे कसं काय?

*201 वहिनी:* काकू, गिझर चालू राहत असेल.

*302 काकू:* मे महिन्यात गिझर कोण लावतंय गं? बटणावर चिकटपट्टी मारून ठेवली आहे. इथं राहायला येताना तांब्याचा बंब गावाकडं ठेवला, त्याचंच अजून वाईट वाटतंय.

*203:* फ्रीज जुना आहे का? दाराचं रबर गेलं की कॉम्प्रेसर थांबतच नाही. दारात नोट धरून दार लावा आणि ओढून बघा. सहज निघाली तर रबर गेलं.

*302 काकू:* दहाची धरली. निघत नाही. आता फाटेल.

*203:* मग रबर चांगलं आहे.

*सेक्रेटरी (401):* सर्व सभासदांसाठी: कॉमन मीटरचं बिलही आलं आहे. दिवाळीत आठ कॅमेरे बसवले तेव्हा काही सभासदांनी बिल वाढेल म्हणून आक्षेप घेतला होता. कॅमेरे बसवूनसुद्धा कॉमन मीटरचं एक युनिट वाढलेलं नाही, याची नोंद घ्यावी. तसंच सोलर पॅनेलच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. स्वतःच्या घरावर बसवणाऱ्यांना 3 किलोवॅटला 78,000. टेरेसवर पॅनेल घ्यायचे का, हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ.

*201 वहिनी:* टेरेसवर सध्या माझ्या कुरडया आहेत. पंधरा तारखेनंतर बघा.

*103 आबा:* पंधरा जूनला पाऊस लागल की. मग प्यानेलवर काय भात लावणार?

*104 दादा:* आबा, पावसात कमी होते पण होते. 1 किलोवॅटला वर्षाची सरासरी दिवसाला 4 युनिट धरतात. आमच्या उद्यमनगरात दोघा-तिघांच्या शेडवर आहेत, ते खूश आहेत. पण आधी काकूंचं बघू. काकू, बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, ते आकडे सांगा.

*302 काकू:* थांबा, चष्मा. ऑक्टोबर 118. नोव्हेंबर 121. डिसेंबर 164. जानेवारी 169. फेब्रुवारी 161. मार्च 166. एप्रिल 173. आणि हे 178.

*104 दादा:* हां. हे उन्हाळ्याचं नाही. उन्हाळ्याचं असतं तर मार्चपासनं चढलं असतं. हे डिसेंबरच्या बिलातच एकदम चाळीसनं वर गेलंय आणि तिथंच बसलंय. रोज तेवढंच काहीतरी चालू आहे. दिवाळीनंतर नवीन काय घेतलं?

*302 काकू:* काही नाही. नातवाला सायकल घेतली.

*203:* पाण्याच्या मशीनचा प्लग? टीव्हीचा सेट टॉप बॉक्स?

*104 दादा:* त्यानं चाळीस होत नाहीत रे. काकू, एक करू. काकांना सांगा, घरातले सगळे एमसीबी खाली पाडा. मेन पण. फ्रीज पाच मिनिटं बंद राहिला तर काही होत नाही. मी खाली मीटरपाशी जातो.

*302 काकू:* पाडले. काका म्हणतात मॅच लागली आहे, लवकर.

*104 दादा:* आलो खाली. मीटर नंबर बिलाशी जुळतोय, बरोबर 302 चाच आहे. लाल दिवा बघतोय.

*104 दादा:* लुकलुकला.

*201 वहिनी:* सगळं बंद असताना??

*104 दादा:* परत लुकलुकला. मोबाईलवर मोजतोय. 19 सेकंद. परत 19. नेमाचं लुकलुकतंय.

*103 आबा:* म्हंजी मीटर खराब.

*104 दादा:* मला तसं वाटत नाही. मीटरवर लिहिलंय, 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. तासात 3600 सेकंद, 19 नं भागलं तर साधारण 190 वेळा. 190 भागिले 3200, म्हणजे तासाला 0.059 युनिट. हा कुठला तरी 60 वॅटचा लोड आहे, चोवीस तास. दिवसाला 1.42, महिन्याला 42-43 युनिट. काकूंचे 121 चे 164 झाले, ते हेच 43.

*203:* बाप रे. हिशेब बरोबर बसतोय.

*104 दादा:* घरातलं सगळं बंद, म्हणजे वायर घराच्या मेनच्या आधीच कुणीतरी घेतलीय. तिसऱ्या मजल्यावर चोवीस तास काय चालतं?

*104 दादा:* सेक्रेटरी साहेब, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची ती पांढरी पेटी कुठं आहे?

*201 वहिनी:* 302 च्या दाराच्या वर. जिन्यात. मी रोज बघते.

*सेक्रेटरी (401):* तिचं कनेक्शन कॉमन मीटरवरून आहे. बसवणाऱ्या माणसानं तसं सांगितलं होतं.

*104 दादा:* वर येतोय. स्टूल काढा कुणीतरी. वहिनी, तुम्ही तोवर खाली मीटरपाशी थांबा.

*104 दादा:* पेटीतनं एक करडी वायर निघालीय, पट्टीच्या आडून सरळ काकूंच्या मीटरवरनं येणाऱ्या वायरला जोडलीय. वर टेप गुंडाळलाय. कॉमन लाईटचा पॉइंट वायरनं पंधरा फूट लांब होता, ह्यानं जवळचं धरलं. जोडाला हात लावत नाही, पेटीतला स्विच तेवढा बंद करतो.

*203:* अरे कॅमेरे कुणी बंद केले? माझ्या मोबाईलवर सगळं काळं झालं!

*104 दादा:* मीच. वहिनी, दिवा?

*201 वहिनी:* गेलं एक मिनिट. दोन मिनिटं झाली. नाही लुकलुकत.

*103 आबा:* 🙏 सापडला चोर. कॅमेराच चोर निघाला.

*सेक्रेटरी (401):* हा मेसेज डिलीट केला आहे.

*201 वहिनी:* म्हणून कॉमन मीटरचं एक युनिट वाढलं नाही 😂 नोंद घेतली हं साहेब.

*सेक्रेटरी (401):* यात समितीचा काही दोष नाही. काम बाहेरच्या माणसाला दिलं होतं. उद्या लायसन्सवाला वायरमन बोलावून कनेक्शन बदलून घेतो. तोवर कॅमेरे बंद राहतील.

*104 दादा:* टेपचा जोड पण काढून घ्या, पावसात ती भिंत ओली होते. आणि काकूंचे पैसे. डिसेंबर ते मार्च जुन्या दरानं 43 युनिटांचे शुल्क धरून महिन्याला 540, एप्रिल-मे नव्या दरानं 570. त्यांची सगळी जास्तीची युनिटं शंभराच्या वरचीच, म्हणून महागातली. मिळून 3,300 होतात.

*सेक्रेटरी (401):* रोख देता येणार नाही. ठराव करावा लागेल.

*302 काकू:* रोख नको. मेंटेनन्समधून वळते करा, दोन महिन्यांत फिटतील. काकांची मॅच चालू केली, आता बोला.

*302 काकू:* आणि साहेब, मागच्या वेळी दुधाचं फुटेज मागितलं तर तुम्ही लेखी अर्ज द्या म्हणालात. सहा महिने कॅमेरे माझ्या पैशावर चाललेत. आता अर्ज देणार नाही.

*सेक्रेटरी (401):* ठीक आहे. पेटीची वायर माझ्या घरातल्या प्लगला लावून बघतो.

*203:* किती वाजताचं काकू?

*302 काकू:* पहाटे साडेपाच ते सहा.

*सेक्रेटरी (401):* पाहिलं. 5.47.

*201 वहिनी:* कोण आहे??

*सेक्रेटरी (401):* मांजर आहे. 103 मधून येतंय.

*103 आबा:* आमचं न्हाई ते. नुसतं जेवायला येतंय.