न विचारलेलं खरं

'कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, यात खोटं काय?' हा युक्तिवाद मला काही पटत नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजही शब्दाने खोटं बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच. फसवायचा हेतू असला की शब्द खरे असून उपयोग नसतो.

दुसरं टोक जर्मन तत्त्वज्ञ कांटचं. मित्राच्या जिवावर उठलेल्या खुन्याने दारात येऊन तो घरात आहे का विचारलं, तरी खोटं बोलू नये असं त्याने १७९७ मध्ये मांडलं. (मी तर बिनदिक्कत खोटं बोलेन.)

पण आपल्या दारात खुनी येतो कधी? माझी परीक्षा झाली ती हिशेबातल्या एका चुकलेल्या आकड्यावर. लक्षात येऊनही तीन दिवस गप्प बसलो. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, कोणी रागावलंही नाही. फक्त साहेबांनी विचारलं, 'कधी कळलं तुला?' आणि तिथे मी 'आत्ताच' म्हणालो. चूक केव्हाच विसरलो. ते 'आत्ताच' मात्र अजून आठवतं.